बँकॉकला पहिल्यांदा जाताय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बँकॉकला किती दिवस द्यावेत?

फक्त शहर पाहायचं असेल तर चार रात्री. आपल्याकडची बहुतेक पॅकेजं दोन रात्री पट्टाया आणि दोन रात्री बँकॉक अशी असतात. त्यातला अर्धा दिवस प्रवासात आणि अर्धा दिवस 'जेम गॅलरी'त, म्हणजे रत्नांच्या दुकानात जातो, म्हणजे बँकॉकच्या वाट्याला दीडच दिवस उरतो. तेवढ्यात राजवाडा होतो, शहर होत नाही. चार रात्रींत एक दिवस जुन्या शहराला, एक चायनाटाउन आणि परिसराला, एक अयुथ्थया या जुन्या राजधानीला आणि एक खरेदी-आरामाला, अशी विभागणी नीट बसते. पट्टाया साधारण दीडशे किलोमीटरवर आहे. समुद्रच हवा असेल तर तिथे जरूर जा, पण बँकॉकचे दिवस कापून जाऊ नका.

कोणत्या महिन्यात जावं?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. हवा कोरडी असते आणि ऊन सोसण्यासारखं असतं. मार्च ते मे उकाडा भयंकर असतो. मुलांच्या मे महिन्याच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी हे गृहीत धरूनच दिवस आखावा: सकाळी आठ ते अकरा उघड्यावर, दुपारी एसीत, संध्याकाळी पुन्हा बाहेर. पाऊस मेच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत पडतो आणि सप्टेंबरात सर्वांत जास्त. तो आपल्या कोकणासारखा दिवसभर लागून राहत नाही. तासभर कोसळतो आणि थांबतो. मात्र त्या तासात रस्ते तुंबतात, टॅक्स्या मिळेनाशा होतात. अशा वेळी जिथे असाल तिथे थांबणं हाच शहाणपणा. दिवाळी ऑक्टोबरात आली तर छत्री बॅगेत असू द्या.

13 ते 15 एप्रिल सोंग्क्रान, म्हणजे थाई नववर्ष. रस्त्यावर जो दिसेल त्याला भिजवतात. मजा आहे, पण त्या दिवसांत देवळं पाहण्याचा बेत ठेवू नका.

व्हिसा लागतो का?

15 जुलै 2024 पासून भारतीय पासपोर्टवर पर्यटनासाठी 60 दिवसांपर्यंत व्हिसाशिवाय प्रवेश लागू झाला. त्याआधी ही सवलत 30 दिवसांची होती. असे निर्णय सरकार कमीजास्त करत असतं, म्हणून तिकीट काढण्याच्या दिवशी मुंबईतल्या थाई वाणिज्य दूतावासाच्या संकेतस्थळावर एकदा नजर टाका. मैत्रिणीच्या गेल्या वर्षीच्या अनुभवावर विसंबू नका.

व्हिसा नसला तरी कागद लागतात: किमान सहा महिने मुदत उरलेला पासपोर्ट, परतीचं तिकीट, हॉटेलचं बुकिंग. पुरेसे पैसे आहेत हे दाखवायला सांगू शकतात. माणशी 20,000 बाथ (थाई चलन) किंवा तेवढ्याच किमतीचं परकीय चलन जवळ असेल तर प्रश्न येत नाही. प्रत्येकाला विचारत नाहीत, पण ज्याला विचारतात त्याच्याकडे नसलं तर तिथूनच परत पाठवू शकतात.

टीडॅक म्हणजे काय? त्याचे पैसे द्यावे लागतात का?

टीडॅक म्हणजे थायलंडचं डिजिटल आगमनपत्र. 1 मे 2025 पासून ते सक्तीचं आहे. विमानात मिळणारं जुनं कागदी कार्ड गेलं. पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरायचं. पासपोर्ट क्रमांक, विमानाचा क्रमांक आणि हॉटेलचा पत्ता हाताशी ठेवला की दहा मिनिटांचं काम. लहान मुलांचंही वेगळं भरावं लागतं.

ते पूर्णपणे मोफत आहे. इंटरनेटवर शोधलं की हुबेहूब सरकारी दिसणारी खासगी संकेतस्थळं वर येतात आणि डॉलरमध्ये पैसे मागतात. खरं संकेतस्थळ थाई इमिग्रेशनचं असतं आणि त्याच्या पत्त्याचा शेवट 'डॉट गो डॉट टीएच' असा होतो. कार्ड भरायला पैसे मागितले की ते पान बंद करा.

पैसे कसे न्यावेत? यूपीआय चालतं का?

यूपीआय चालेल या भरवशावर जाऊ नका. एक बाथ म्हणजे साधारण अडीच ते तीन रुपये. मनातल्या मनात तीनने गुणलं की खिसा सुरक्षित राहतो.

रुपयांना तिथे भाव चांगला मिळत नाही. डॉलरच्या नोटा न्या. शंभराच्या, कोऱ्या, न दुमडलेल्या. लहान नोटांना दर कमी मिळतो, आणि पेनाची रेघ असलेली नोट नाकारतात. सुवर्णभूमी विमानतळावर बाहेर आल्या आल्या दिसणारे बँकांचे काउंटर टाळा. तळघरात, रेल्वे स्थानकाच्या मजल्यावर खासगी चलन बदलणाऱ्यांची रांग आहे, तिथला दर शहरातल्या दराच्या जवळपास असतो. पासपोर्ट दाखवावा लागतो.

एटीएम प्रत्येक वेळी 220 बाथ किंवा त्याहून जास्त शुल्क घेतं, आणि आपल्या बँकेचं शुल्क वेगळं. काढायचेच असतील तर एकदाच मोठी रक्कम काढा. मशीन विचारेल, 'रुपयांत रूपांतर करू का?' त्याला नकार द्या, बाथमध्येच व्यवहार होऊ द्या. होकार दिला की दर मशीनवाला ठरवतो आणि तो तुमच्या फायद्याचा नसतो. दुकानात कार्ड वापरतानाही हाच नियम.

हजार बाथची नोट घेऊन टुकटुकवाल्याकडे, म्हणजे तिथल्या रिक्षावाल्याकडे जाऊ नका. आधी कोपऱ्यावरच्या सेव्हन-इलेव्हनमध्ये पाण्याची बाटली घेऊन ती मोडून घ्या.

विमानतळावरून शहरात कसं यायचं?

सुवर्णभूमीवर उतरलात आणि सामान माणशी एकच बॅग असेल तर तळघरातून सुटणारी एअरपोर्ट रेल्वे घ्या. शेवटचं स्थानक फयाथाई, 45 बाथ, सुमारे अर्धा तास. तिथे बीटीएस ही वरून धावणारी मेट्रो मिळते. मक्कासनला उतरलात तर चालत जाऊन एमआरटी ही भुयारी मेट्रो मिळते. ही रेल्वे मध्यरात्रीच्या सुमारास बंद होऊन पहाटे साडेपाचच्या आसपास सुरू होते. मुंबईहून रात्रीचं विमान असेल तर ही वेळ जुळते का ते आधी बघा.

चौघांचं कुटुंब आणि मोठं सामान असेल तर टॅक्सी. पहिल्या मजल्यावर, म्हणजे जमिनीच्या पातळीवर, मशीनमधून चिठ्ठी घ्या. तिच्यावर रांगेचा क्रमांक असतो, त्या क्रमांकाच्या टॅक्सीत बसा. मीटर 35 बाथपासून सुरू होतो. त्यावर विमानतळाचे 50 बाथ, आणि वरच्या रस्त्याने गेलात तर टोल, तो प्रवाशाने द्यायचा. मध्यवर्ती भागात साधारण चारशे ते पाचशे बाथमध्ये पोहोचता. चिठ्ठी चालकाला देऊन टाकू नका. तक्रार करायची झाली तर तोच पुरावा. आगमनाच्या दारात 'टॅक्सी, टॅक्सी' करत अंगावर येणारा माणूस ही टॅक्सी नव्हे.

स्वस्त विमानांपैकी काही डॉन मुआंग या दुसऱ्या विमानतळावर उतरतात. तिकिटावरचं संकेताक्षर बघा: बीकेके म्हणजे सुवर्णभूमी, डीएमके म्हणजे डॉन मुआंग. परतीच्या दिवशी भलत्याच विमानतळावर पोहोचणारे दर हंगामात सापडतात.

एक गंमत. फलकावर 'सुवर्णभूमी' असलं तरी थाई उच्चार 'सुवन्नफूम' असा होतो. आपण शुद्ध संस्कृत बोललो की टॅक्सीवाला गोंधळून बघत राहतो. तसंच राचथेवी म्हणजे राजदेवी, असोक म्हणजे अशोक. स्थानकांची नावं वाचत प्रवास केला तर निम्मी नावं ओळखीची निघतात.

हॉटेल कोणत्या भागात घ्यावं?

सगळ्या बेतात हा निर्णय सर्वांत महत्त्वाचा. बँकॉकचा रस्ता म्हणजे वाहनांची गोठलेली नदी. तीन किलोमीटरला पाऊण तास लागू शकतो. म्हणून हॉटेलचे तारे मोजण्यापेक्षा स्थानकापर्यंतची पावलं मोजा. पाचशे मीटरच्या आत बीटीएस किंवा एमआरटी हवीच.

पहिल्या खेपेला असोक परिसर सोयीचा. बीटीएस आणि एमआरटी दोन्ही तिथे भेटतात. भारतीय दूतावासही जवळच, सुखुमवित रस्त्याच्या सोई 23 मध्ये (सोई म्हणजे गल्ली). फयाथाई-राचथेवी भाग विमानतळ रेल्वेसाठी बरा आणि तुलनेने स्वस्त. सिलोम किंवा सफान ताक्सिनजवळ राहिलात तर नदी जवळ. प्रतुनाम भारतीयांचा लाडका, कारण घाऊक कपड्यांचा बाजार आणि भारतीय जेवण. पण बीटीएस दारात नाही, हे लक्षात ठेवून घ्या. खाओ सान रस्ता जुन्या शहराजवळ आहे, पण तिथे रात्री दोनपर्यंत स्पीकर वाजतात आणि मेट्रो नाही. आईवडिलांना घेऊन तिथे राहू नका.

पत्ता वाचताना एक खाचखळगा. सुखुमवित रस्त्याच्या एका बाजूला विषम क्रमांकाच्या गल्ल्या, दुसऱ्या बाजूला सम. पण क्रमांक समोरासमोर जुळत नाहीत: थोंगलो स्थानकापाशी एका बाजूला सोई 55, तर समोर सोई 38. 'सोई 54 म्हणजे 55 च्या समोर' असं समजून निघालात तर भर उन्हात तीन-चार स्थानकं चालावं लागेल.

बीटीएस आणि एमआरटीचं तिकीट एकच का?

नाही. दोन वेगळ्या कंपन्या, दोन वेगळी तिकिटं. असोकला बीटीएसमधून उतरून एमआरटीच्या सुखुमवित स्थानकात गेलात की नव्याने पैसे. बीटीएसचं रॅबिट हे आधी पैसे भरायचं कार्ड एमआरटीला चालत नाही. उलट एमआरटीच्या फाटकावर व्हिसा किंवा मास्टरकार्डचं टॅप करता येणारं बँक कार्ड थेट चालतं. मात्र भारतीय कार्डावर परदेशी आणि टॅप व्यवहार दोन्ही आधी ॲपमधून चालू केलेले असले पाहिजेत. तिथे गेल्यावर ओटीपी येत नाही म्हणून कपाळाला हात लावण्यात अर्थ नाही, घरूनच करून निघा. एमआरटीत कार्ड नसेल तर काळं प्लास्टिकचं टोकन मिळतं. आत जाताना टेकवायचं, बाहेर पडताना खाचेत टाकायचं. मुलांच्या हातात देऊ नका, हरवतं.

गाडी आली की आतले उतरेपर्यंत फलाटावरच्या रेघेच्या बाजूला उभं राहतात. लोकलची सवय तेवढी घरी ठेवा.

पहिला दिवस कसा आखावा?

नदीवरून. बीटीएसने सफान ताक्सिनला उतरा, खालीच साथोर्न धक्का आहे. तिथून नारिंगी झेंड्याची बोट घ्या, कुठेही उतरा, सरसकट 16 बाथ. निळ्या झेंड्याची पर्यटक बोट बरेच जास्त पैसे घेते आणि तिकीट विकणारे आधी तिचंच नाव सांगतात. नारिंगीची रांग बाजूला असते, सरळ तिकडे जा. गर्दीत उभं राहावं लागेल, पण नदी तीच.

था चांग धक्क्यावर उतरा. पाच मिनिटांवर राजवाडा, ग्रँड पॅलेस. 1782 मध्ये राजा पहिला राम याने राजधानी इथे आणली तेव्हा त्याचं बांधकाम सुरू झालं. तिकीट 500 बाथ, 120 सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलांना मोफत. विक्री साडेआठ ते साडेतीन. साडेआठलाच दारात असा. साडेनऊनंतर पर्यटकांच्या बसा रिकाम्या होतात आणि दहानंतर पायाखालची फरशी तापते.

आवारातल्या वात फ्रा केओ देवळात (वात म्हणजे देऊळ) ज्याला 'पाचूचा बुद्ध' म्हणतात तो जेडचा आहे. आत फोटो काढता येत नाहीत. पण मराठी माणसाने खरा वेळ द्यावा तो देवळाभोवतीच्या ओवरीला. भिंतीवर 178 चित्रचौकटींत अख्खं रामायण, त्यांचं रामकियन, रंगवलेलं आहे. सुरुवात उत्तरेकडच्या दारापासून. आपल्या रामायणापेक्षा इथे बरंच वेगळं: हनुमान पांढराशुभ्र आहे आणि ब्रह्मचारी मुळीच नाही, रावणाच्या मत्स्यकन्येशी त्याचं जुळतं. दारावर उभा असलेला हिरव्या अंगाचा यक्ष म्हणजे तोसाकान, म्हणजे दशकंठ, म्हणजे रावणच. मुकुटावर एकावर एक रचलेले लहान चेहरे मोजून बघा.

तिथून दक्षिणेला दहा मिनिटं चालत वात पो. 46 मीटर लांब, 15 मीटर उंच शयनबुद्ध. लोक चेहऱ्याचा फोटो काढतात आणि निघतात. तळपाय बघा: शिंपल्याच्या जडावात 108 शुभचिन्हं. पाठीमागे 108 पितळी रंगाची भांडी एका ओळीत. वीस बाथची सुटी नाणी घेऊन लोक एकेक टाकत जातात आणि सगळ्या दालनात टण् टण् असा आवाज भरून राहतो. तिकीट 300 बाथ, त्यात पाण्याची बाटली येते. थाई मालिशची जुनी शाळा याच आवारात. 2019 मध्ये युनेस्कोने या मालिशीचा वारसा यादीत समावेश केला.

शेवटी था तिएन धक्क्यावरून पाच बाथच्या नावेने पलीकडे वात अरुण. हो, अरुण म्हणजे आपलाच सूर्याचा सारथी. लांबून दगडी वाटणारा मनोरा जवळ गेल्यावर चिनी मातीच्या बशा-वाट्यांच्या तुकड्यांनी मढवलेला दिसतो. तिकीट 200 बाथ. पायऱ्या अतिशय उभ्या आहेत. गुडघे दुखत असतील तर खालूनच बघा, फारसं काही चुकत नाही.

(तिकिटांचे हे दर वाढत असतात. राजघराण्याच्या समारंभाच्या दिवशी राजवाड्याचा काही भाग बंद ठेवतात, तो अधिकृत संकेतस्थळावर जाहीर होतो.)

देवळात कपड्यांचं काय?

खांदे आणि पाय झाकलेले हवेत. राजवाड्यात नियम कडक: बर्म्युडा, बिनबाह्या, फाटकी जीन्स, घट्ट लेगिंग चालत नाही. साडी, सलवार-कमीज, साधी पँट उत्तम. ओढणी खांद्यावर टाकली की झालं असं समजू नका, बिनबाह्यांच्या कुडत्यावर शाल चालत नाही. पायात सहज निघणारी चप्पल घाला. बुद्धमूर्तीकडे पाय करून बसू नये आणि कुणाच्याही, लहान मुलाच्यासुद्धा, डोक्याला हात लावू नये.

'राजवाडा आज बंद आहे' असं कुणी सांगितलं तर?

खोटं. ही बँकॉकची सर्वांत जुनी फसवणूक. नीटनेटक्या कपड्यांतला, चांगलं इंग्रजी बोलणारा गृहस्थ भेटतो. म्हणतो, 'सकाळी भिक्षूंचा कार्यक्रम आहे, दुपारी उघडेल, तोवर वीस बाथमध्ये टुकटुक शहर दाखवेल.' टुकटुकवाला एक-दोन देवळं दाखवून रत्नांच्या किंवा शिंप्याच्या दुकानात नेतो. तिथे 'आज सरकारी सवलतीचा शेवटचा दिवस' असतो. तो रोजच असतो. बंद आहे की नाही ते दारापर्यंत चालत जाऊनच ठरवा.

सनाम लुआंग मैदानाजवळ कुणी हातात मक्याच्या दाण्यांची पिशवी कोंबली तर हात मागे घ्या. कबुतरांना टाकलं की शंभर-दोनशे बाथ मागतात. टॅक्सीवाला मीटर लावायला नाही म्हणाला तर उतरा, दुसरी थांबवा. किंवा ग्रॅब, बोल्टसारख्या ॲपवरून बोलवा. टुकटुकला मीटर नसतो, बसण्याआधी भाव ठरवा. आणि ती टॅक्सीपेक्षा स्वस्त नसते, हौसेची असते.

शाकाहारी माणसाचे हाल होतात का?

माहिती नसेल तर होतात. थाई स्वयंपाकात मीठ म्हणून माशाचं पाणी, नाम प्ला, पडतं. भाजी दिसली तरी त्यात ऑयस्टर सॉस असू शकतो, पपईच्या सलाडात सुकी कोळंबी असते. 'नो मीट' म्हटलं की मांसाचे तुकडे काढतात, रस तोच राहतो.

दोन शब्द पाठ करा. 'मांगसाविरात' म्हणजे शाकाहारी, पण त्यात अंडं येऊ शकतं. 'जे' म्हणजे चिनी बौद्ध परंपरेचं पूर्ण शाकाहारी: मांस, मासे, अंडं, दूध नाही आणि कांदा-लसूणही नाही. जैन मंडळींना हेच सोयीचं. पिवळ्या झेंड्यावर लाल रंगात, आपल्या डोळ्यांना '17' सारखं दिसणारं अक्षर म्हणजे 'जे'. ते गाडीवर, दुकानावर, पाकिटावर कुठेही दिसलं की निर्धास्त खा.

उपास असेल तर एक सावधगिरी. पानावर ठेवलेल्या पारदर्शक साबुदाण्याच्या गोळ्या दिसतील. त्या उपासाच्या नाहीत. साकू साय मू म्हणजे आत डुकराच्या मांसाचं सारण.

याउलट खनोम क्रोक डोळे झाकून घ्या. तांदळाचं पीठ आणि नारळाचं दूध, अगदी आपल्या आप्पेपात्रासारख्या खळग्यांच्या तव्यात, दोन अर्ध्या वाट्या एकमेकींवर पालथ्या घालून देतात. काही गाड्यांवर वर कांद्याची पात घालतात. नको असेल तर तव्याकडे बोट दाखवून सांगायचं. आंबा-चिकट भात एप्रिल-मेमध्ये सर्वांत छान. भारतीय जेवणासाठी चायनाटाउनला लागून असलेला पाहुरात भाग, तिथे मोठा गुरुद्वारा आणि भोवती खानावळी आहेत. मॉलमधली फूड कोर्टं, उदाहरणार्थ असोकच्या टर्मिनल 21 मधलं, स्वस्त आणि स्वच्छ. आधी कार्डात पैसे भरायचे, उरलेले त्याच दिवशी परत घ्यायचे.

नळाचं पाणी पिऊ नका.

अयुथ्थया एका दिवसात होतं का?

आरामात. सुमारे 80 किलोमीटर उत्तरेला. अयोध्येवरून नाव पडलेली ही राजधानी 1351 ते 1767 टिकली आणि बर्मी सैन्याने उद्ध्वस्त केली. साध्या रेल्वेचं तिसऱ्या वर्गाचं तिकीट वीस बाथच्या आसपास, वेळ दीड ते दोन तास. लांब पल्ल्याच्या गाड्या आता क्रुंग थेप अफिवात या नव्या स्थानकातून सुटतात, जुन्या हुआ लाम्फोंगमधून नाही. साध्या गाड्यांपैकी काही मात्र जुन्याच स्थानकातून निघतात. म्हणून तिकिटावरचं स्थानक वाचा. उतरल्यावर नावेने नदी ओलांडा आणि सायकल किंवा टुकटुक घ्या. वात महाथातमध्ये झाडाच्या मुळांत अडकलेलं बुद्धाचं मस्तक आहे. फोटो काढताना तुमचं डोकं त्याच्या वर जाता कामा नये, म्हणून खाली बसावं लागतं. उभे राहिलात तर रखवालदार शिट्टी मारतो.

चतुचाक बाजार कधी?

शनिवार-रविवार, सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा. एमआरटीचं कम्फाएंग फेत स्थानक, दोन क्रमांकाचं दार थेट बाजारात उघडतं. आवडलेली वस्तू तिथेच घ्या, 'फिरून येऊ' म्हणालात तर ते दुकान पुन्हा सापडत नाही. बुद्धमूर्ती देशाबाहेर न्यायला ललित कला खात्याचा परवाना लागतो. पाहुण्यांना भेट म्हणून दुसरं काही घ्या.

कायद्याच्या कोणत्या गोष्टी सांभाळाव्यात?

राजघराण्याबद्दल विनोद नको, तोंडी नको, समाजमाध्यमांवरही नको. एका आरोपाला 3 ते 15 वर्षांची शिक्षा आहे. सकाळी आठ आणि संध्याकाळी सहाला स्थानकांत, बागांत राष्ट्रगीत लागतं. सगळे थांबतात, तुम्हीही थांबा. ई-सिगारेट बेकायदा आहे, बॅगेतही नको. गांजाची दुकानं दिसतील. 2025 पासून त्यासाठी वैद्यकीय चिठ्ठीची अट आहे, आणि परत येताना आणला तर मुंबईत थेट तुरुंगाची वाट. बँकॉकहून गांजा आणणारे मुंबई विमानतळावर वारंवार पकडले जातात. 'माझी एवढी एक पिशवी न्याल का' म्हणणाऱ्या अनोळखी माणसाला, तो मराठीत बोलला तरी, नाही म्हणा.

चार्जरला ॲडॅप्टर लागतो का?

व्होल्टेज आपल्यासारखंच, 230. दोन बारीक पिनांचा चार्जर बहुतेक ठिकाणी बसतो. आपला जाड तीन पिनांचा प्लग बसत नाही.

अडचण आली तर कुणाला फोन करायचा?

पर्यटक पोलीस 1155, इंग्रजी बोलतात. रुग्णवाहिका 1669. पोलीस 191. पासपोर्ट हरवला तर आधी पोलिसांत नोंद, मग त्या कागदासह भारतीय दूतावास. पासपोर्टच्या पहिल्या पानाची आणि प्रवेशाच्या शिक्क्याची छायाप्रत फोनमध्ये आणि घरी कुणाकडे तरी ठेवून निघा. शिक्का पोहोचल्यावरच बसतो, त्याचा फोटो विमानतळावरच्या रांगेतून बाहेर पडताच काढा.